गोवर्धन ते डहाणू, व्हाया उषवदात

"इथून सगळ्यात जवळचा समुद्र कुठला रे?"

गेल्या दिवाळीत एकलहऱ्याला घरी गेलो होतो तेव्हा बाबांनी चहा पिता पिता हे विचारलं. मी लॅपटॉपमधून डोकं वर न काढता "मुंबई" असं उत्तर दिलं. नाशिकच्या माणसाचं हे उत्तर पाठ असतं. समुद्र म्हणजे मुंबई, मुंबई म्हणजे कसारा घाट, आणि कसारा म्हणजे ट्रॅफिक. बाबा म्हणाले, "चूक. नकाशा काढ."

काढला. तर काय, नाशिक आणि डहाणू जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत! एकलहऱ्यातून नाकासमोर पश्चिमेला सरळ रेघ मारली तर साधारण १२० किलोमीटरवर ती डहाणूच्या आसपास समुद्रात पडते. दादरची चौपाटी सरळ रेघेत त्याहून लांब आहे. आयुष्याची पहिली अठरा वर्षं मी या कॉलनीत काढली, पण हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

बाबांना मात्र ते ठाऊक होतं. त्यांचं कारण जरा वेगळं आहे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ च्या दरम्यान एकामागून एक चालू झाले, त्याच सुमारास ते नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. डहाणूलाही एक औष्णिक केंद्र आहे, २५० मेगावॉटचे दोन संच, १९९५ पासूनचं. त्याची चिमणी २७५ मीटर उंच आहे. ती चिमणी बाबांना एकदा बघायची होती. लोक समुद्र बघायला डहाणूला जातात, आमचे पिताश्री चिमणी बघायला. असो.

तर मंडळी, प्लॅन असा ठरला की एका रविवारी सकाळी निघायचं, वाइनच्या मुलुखातून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत डहाणूला उतरायचं, सूर्यास्त बघायचा आणि रात्री परत. 'वाइनच्या मुलुखातून' हा माझा हट्ट. ऑफिसमधल्या एका मित्राने कॅलिफोर्नियात द्राक्षमळ्यांतून थेट समुद्रापर्यंत गाडी चालवल्याचे फोटो दाखवून आम्हांला पुरेसं जळवलं होतं. म्हटलं, आपल्याकडेही द्राक्षं आहेत, समुद्र आहे आणि मध्ये अख्खा सह्याद्री आहे. त्यांच्याकडे सह्याद्री आहे का?

बाबांचं म्हणणं, "सकाळी सहाला वाइन कोण पितं?" मुद्दा बरोबर होता. शिवाय गाडी मीच चालवणार, म्हणजे पिण्याचा प्रश्नच नव्हता. पण नाशिकच्या वाइनची सुरुवात जिथून झाली म्हणतात ते सुला गंगापूर रस्त्याला आहे. २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली, २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, आणि बघता बघता दिंडोरी-निफाडच्या बाजूला वायनरी उगवल्या. निदान तिथून ट्रिपमीटर शून्य करून निघू, एवढाच माझा विचार होता. म्हणून पत्ता बघितला. पत्त्यात गावाचं नाव होतं गोवर्धन.

इथे माझी ट्यूब पेटली. गोवर्धन हे नाव मी आधी वाचलेलं होतं, आणि डहाणूही. दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच भिंतीवर.

ती भिंत पांडवलेण्यांत आहे. नाशिकमध्ये वाढलेलं प्रत्येक पोर तिथे सहलीला गेलेलं असतं, डबा खाल्लेला असतो, माकडांनी तो पळवलेला असतो. लेण्यांचं जुनं नाव त्रिरश्मी. त्यातलं दहा नंबरचं लेणं उषवदात नावाच्या माणसाने खोदवलं. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई, स्वतःला शक म्हणवणारा. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत त्याने आपल्या दानधर्माची यादी कोरून ठेवली आहे, आणि ती यादी म्हणजे या माणसाचा चक्क ट्रॅव्हल लॉग आहे.

तीन लाख गाई दिल्या, सोळा गावं दिली, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवू घातलं, वगैरे भाग सोडून देऊ. राजेलोकांचे आकडे असेच गोल असतात. मला रस आहे तो पुढच्या ओळींत. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी त्याने धर्मशाळा बांधल्या. म्हणजे भडोच, मंदसोर, आपलं नाशिकजवळचं गोवर्धन आणि नालासोपारा. आणि इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका या सहा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. पारादा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा, तापी ती तापीच, आणि दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. एवढंच नाही, तर या नद्यांच्या दोन्ही काठांवर प्रवाशांना बसायला निवारा आणि प्यायला पाणी, तेही फुकट.

टोल नाक्यावर रांगेत उभं राहून हे आठवून बघा, फार त्रास होतो :)

नकाशावर ही नावं टाकली की चित्र स्पष्ट होतं. सोपाऱ्याहून भडोचला किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं तर वाटेत या नद्या आडव्या येतात. पार आणि दमणगंगा तर आपल्या नाशिकच्याच डोंगरांत उगम पावतात आणि पश्चिमेला धावत सुटतात. पूल नव्हते. प्रत्येक मुखाशी नावाड्याची वाट बघायची, तो मागेल ते द्यायचं. उषवदाताने हा खर्च उचलला. आणि हे कोरलं कुठे, तर समुद्रापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत, घाटमाथ्यावर, गोवर्धनच्या डोंगरात. डहाणूच्या नावांची जाहिरात नाशिकला का? कारण ती वाचणारी माणसं इथे होती. बंदरावरून माल घेऊन वर येणारे आणि इथलं कापड घेऊन खाली उतरणारे.

शनिवारी, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी, बाबांना घेऊन लेण्यांवर गेलो. त्यांचा गुडघा कुरकुरतो, पण पायऱ्या चढले. व्हरांड्यात मी मोबाइलवर भाषांतर उघडून वाचून दाखवत होतो. नावांचं वगैरे ऐकून ते 'हं हं' करत राहिले. दुसऱ्या लेखाशी आलो तेव्हा मात्र त्यांनी थांबवलं आणि खिशातून पेन काढलं.

तो लेख वर्ष ४२ चा आहे. उषवदाताने इथल्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण कायमचे ठेवले. ठेवले कुठे, तर गोवर्धनमधल्या विणकरांच्या श्रेणींकडे. २००० एका श्रेणीत, महिना शेकडा १ व्याजाने. १००० दुसरीत, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीतून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. बाबांनी हातावरच हिशोब केला. २००० वर महिना २०, वर्षाचे २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. "जुळलं," म्हणाले. एवढा आनंद मी नोकरीला लागलो तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावर दिसला नव्हता.

पुढे असंही लिहिलंय की हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला. आमच्या धंद्यात याला रिव्ह्यू करून कमिट करणं म्हणतात. आणि त्याच लेखात आणखी एक नोंद आहे. कापूर आहारातल्या चिखलपद्र गावी नारळाची ८००० झाडं. दुसऱ्या एका दानात, नानंगोल गावची ३२,००० नारळाची झाडं, ती गोवर्धन आणि सोपाऱ्यासह चार ठिकाणच्या चरकांच्या संघांना. हे नानंगोल म्हणजे डहाणूच्या उत्तरेला संजाणजवळचं नारगोळ, असं पंडित भगवानलाल इंद्रजींनी सुचवलं होतं. हेच ते गृहस्थ ज्यांनी १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरला आणि तिथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा शोधला. म्हणजे बघा, किनाऱ्यावरच्या नारळांच्या उत्पन्नावर घाटावरच्या मंडळींचा खर्च चालत होता.

आता वाइनचं सांगतो, ते राहून जाईल नाहीतर.

साधारण याच काळात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांचं एक मार्गदर्शक लिहिलं, 'पेरिप्लस' नावाने ते ओळखलं जातं. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे, आणि भडोचबद्दल तर पानंच्या पानं आहेत. तिथला राजा म्हणून जे नाव येतं ते नहपानाचंच असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या उषवदाताचे सासरे. भडोचला परदेशातून काय येतं याच्या यादीत पहिलंच नाव वाइनचं आहे. इटलीची चालते सगळ्यात जास्त, मग लाओडिकियाची आणि अरबस्तानची. आणि खुद्द राजासाठी वेगळी, भारीतली. पैठणचा माल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलुखातून भडोचला आणतात, पैठण तिथून वीस दिवसांच्या वाटेवर आहे, असंही तो लिहितो. नेवाशाच्या उत्खननात रोमन पद्धतीच्या मद्यकुंभांची खापरं मिळालेली आहेत. नेवासं कुठे, तर गोदावरीच्या खोऱ्यात, प्रवरेकाठी.

म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी वाइन समुद्राकडून घाट चढून देशावर येत होती. आज ती गोवर्धनला बनते आणि घाट उतरून खाली जाते. रस्ता तोच, फक्त बाटलीची दिशा बदलली. हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आणि ती पिणारे तेच. राजे आणि त्यांचे जावई."

रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. (मी साडेपाच म्हटलं होतं, बाबा साडेचारला बूट घालून बसले होते.) एकलहऱ्याहून निघालं की नाशिकरोड, मग अख्खं झोपलेलं शहर पार करून गंगापूर रस्ता. उजाडता उजाडता गोवर्धनला पोहोचलो. मळे धुक्यात, गेट बंद, एक कुत्रं. ट्रिपमीटर शून्य केला.

पण मला इथे उलटं, म्हणजे एकलहऱ्याच्या बाजूला जरा जायचंय, कारण या गोष्टीचा शेवट तिकडे पुरलेला होता. एकलहऱ्यापासून गोदावरीच्या धारेने थोडं पुढे गेलं की दारणेचा संगम लागतो. तिथलं जोगलटेंभी गाव. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचं घबाड सापडलं, तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या तोंडावरच दुसरा ठसा मारलेला होता. तो गौतमीपुत्र सातकर्णीचा. सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव केला, आणि गौतमीपुत्राने जुनी नाणी वितळवत न बसता त्यांच्यावरच आपली मोहर मारून चलनात सोडली. लहानपणी आम्ही सायकली घेऊन त्या बाजूला गेलेलो आहोत, नदीत डुंबलेलो आहोत. आपण सातवाहनांच्या रीब्रँडिंग प्रोजेक्टजवळ खेळतोय हे कुणी सांगितलं नाही!

त्रिरश्मीच्या तीन नंबरच्या लेण्यात याच गौतमीपुत्राचे हुकूम आहेत. वर्ष १८ मध्ये, गोवर्धनजवळच्या आपल्या छावणीतून, तो तिथल्या विष्णुपालित नावाच्या अमात्याला कळवतो की आजवर उषवदाताकडे असलेलं अपरकखडी गावचं २०० निवर्तनं शेत भिक्षूंना द्या. सातबारावरचा फेरफार म्हणा ना. पण खरी गंमत, खरं तर गंमत नाहीच, सहा वर्षांनंतरच्या हुकुमात आहे. पूर्वी दिलेलं शेत कुणी कसत नाही, गावात वस्ती राहिलेली नाही, तेव्हा भिक्षूंना दुसरीकडे, नगराच्या हद्दीवरच्या सरकारी शेतातली १०० निवर्तनं द्या, असा तो हुकूम आहे. गाव का उठलं ते भिंत सांगत नाही. दोन राजांच्या कोरलेल्या मोठमोठ्या शब्दांच्या मधे ही एवढीशी नोंद आहे. लेण्यातून उतरताना माझ्या डोक्यात तीच राहिली.

त्र्यंबकला नाश्ता केला. तिथल्या मंदिराबद्दल आणि ब्रह्मगिरीबद्दल लिहायला स्वतंत्र रविवार लागेल. एवढंच सांगतो की याच डोंगररांगेच्या एका अंगाने गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघते आणि दुसऱ्या अंगाने वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे. आपण वैतरणेच्या बाजूला उतरतो.

त्र्यंबक सोडलं की आंबोलीवरून तोरंगणचा घाट लागतो. दिवाळीनंतरचा काळ म्हणजे गवत पिवळं पडायला लागलेलं, पण ओढ्यांना अजून पाणी. ऑगस्टमध्ये याल तर धबधबे मिळतील आणि दरी दिसणार नाही. आता याल तर दरी दिसेल. मोबाइलची रेंज मात्र कुठल्याच ऋतूत गृहीत धरू नका, नकाशा आधी उतरवून घ्या. रस्त्याचं म्हणाल तर काही पट्टे लोण्यासारखे आणि मधेच असा खड्डा की कॉफी शर्टावर.

उषवदाताच्या यादीत हा घाट नाही. धर्मशाळा वर गोवर्धनला, नावा खाली दाहनुकेवर, आणि मधला डोंगर मात्र कोरा. तो चालून ओलांडणाऱ्यांना तिथे काय मिळालं, याबद्दल एक अक्षर नाही.

मोखाड्यात चहाला थांबलो. टपरीसमोर दोन जिपा उभ्या होत्या, आत आणि टपावर माणसं, बोचकी, एक-दोन तान्ही मुलं. पंचविशीतला एक मुलगा बाबांच्या शेजारी बाकावर बसला होता. बाबांना बोलल्याशिवाय राहवत नाही.

"कुठं निघालात?"

"दिंडोरीकडं. बागेवर." द्राक्षाच्या बागेत, म्हणजे. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की घड निघतात, मग विरळणी, डिपिंग, हातांचं काम संपत नाही. भातकापणी आणि दिवाळी झाली की या बाजूची कुटुंबंच्या कुटुंबं कामाला बाहेर पडतात, कुणी द्राक्षबागांवर, कुणी वीटभट्टीवर.

"आणि तुम्ही, काका?"

"डहाणूला. समुद्र बघायला."

"मी व्हतो तिकडं दोन वर्सं. मिठागरावर." मग जरा थांबून त्याने विचारलं, "तिकडं काय काम हाये तुमचं?"

बाबा म्हणाले, "काम नाही. असंच, फिरायला."

तो हसला. वाईट हसला नाही, नवल वाटून हसला. जीपवाल्याने हॉर्न दिला आणि तो टपावर चढला. मी कॅलिफोर्नियाच्या नादाने जो रस्ता 'शोधून काढला' म्हणून मिरवत होतो, वाइनच्या मुलुखापासून समुद्रापर्यंतचा, तो या मुलाने दोन्ही टोकांना राबून आधीच पूर्ण केलेला होता.

जव्हारला पोहोचेपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही.

जव्हार हे महादेव कोळ्यांच्या मुकणे घराण्याचं संस्थान, चौदाव्या शतकापासून १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकलेलं. जयविलास राजवाडा बघण्यासारखा आहे. गावाबाहेर शिरपामाळ आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर गेले ते या वाटेने, आणि इथे जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच अर्पण केला अशी परंपरा आहे. सुरतकर इंग्रजांना महाराज आल्याची खबर मिळाली ती अगदी शेवटच्या घटकेला, सहा तारखेला ते शहराच्या दाराशी होते. या जंगलातून आलेला माणूस खालच्या किनाऱ्यावर कुणालाच दिसत नाही, हे नकाशा नीट बघितला की पटतं. माळावर वारा मस्त होता. डबा तिथेच खाल्ला, आईने पुऱ्या दिल्या होत्या.

याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणी आहे. १९९२-९३ मध्ये तिथल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. मी तेव्हा लहान होतो, पण घरात पेपर वाचताना आईचं 'बंद करा ते' आठवतं. तिथून आमच्या घरापर्यंत जेमतेम शंभर किलोमीटर अंतर असेल, हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळतंय.

जव्हारहून डहाणूकडे जाताना आम्ही तलवाड्यावरून गेलो. गुगल वेगळं सांगत होतं, पण इथे मला थांबायचं होतं. या पट्ट्यात वारली शेतकऱ्यांकडून जमीनदार आणि जंगल ठेकेदार वेठ करून घेत. 'लग्नगडी' नावाचा प्रकार होता, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस, आणि त्याची बायकोही, आयुष्यभर सावकाराचे गडी. मे १९४५ मध्ये झरी गावी किसान सभेची परिषद झाली, गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यात पुढे होते, आणि वारल्यांनी वेठ बंद केली. पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीवरून संप झाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहिलं आहे, त्या पुस्तकाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. गोदावरीकाठच्या आमच्या शाळेत हे पुस्तक होतं की नाही आठवत नाही, मी तरी वाचलं ते पुण्यात, कंपनीच्या बसमध्ये.

उषवदाताच्या सहा नद्यांवर नावा वल्हवणारे कोण होते? नावा फुकट होत्या त्या बसणाऱ्याला. वल्हवणाऱ्याला काय मिळत होतं, एक टक्का की पाऊण टक्का, ते कोरलेलं नाही. तलवाड्यात गाडी बाजूला घेऊन बाबांना हे म्हटलं, तर त्यांनी नुसती मान हलवली.

कासा, चारोटी, मग हायवे ओलांडून डहाणू. चारोटीच्या जवळच महालक्ष्मीचं देऊळ आहे, चैत्रात मोठी यात्रा भरते. आम्ही रस्त्यावरूनच हात जोडले, कारण उशीर होत होता. डहाणूच्या अलीकडे चिमणी दिसली आणि बाबा सीटवर पुढे सरकले.

किनाऱ्यावर भरती होती. सुरूची झाडं, वडापाव, मागे घोलवडकडे पसरलेल्या चिकूच्या वाड्या. चिकूला २०१६ साली जीआय मिळालं, आणि बोर्डीला आता चिकूचीही वाइन करतात, म्हणजे आमच्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना बाटल्या! बाबांना पाण्यात फार रस नव्हता. ते वाळूवर बसून चिमणीकडे बघत होते आणि मला सांगत होते की हा तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या प्राधिकरणाने या केंद्राच्या मागे लागून धुरातला गंधक काढायची यंत्रणा बसवून घेतली, ती समुद्राच्या पाण्यावर चालते, २००७ पासून. "आमच्या मागे असं कुणी लागलं नाही," ते म्हणाले. मग बराच वेळ गप्प. एकलहऱ्याच्या राखेचे दिवस मलाही आठवतात. वाळत घातलेले पांढरे शर्ट आई दोनदा झटकायची.

थोडं दक्षिणेला वाढवण. १९९८ साली याच प्राधिकरणाने तिथल्या बंदराला नकार दिला होता. २०२३ साली परवानगी मिळाली, ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली, प्रकल्प ७६ हजार कोटींच्या घरातला. मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि संपलेला नाही. वाटेत एका गावात 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' हे भिंतीवर रंगवलेलं दिसलं, शेजारीच कुणीतरी वारली चित्रातला तारपा नाच काढला होता. या बंदरापासून समृद्धी महामार्गापर्यंत नवा जलद रस्ता काढायचंही राज्य सरकारने ठरवलं आहे. म्हणजे बंदर खाली, बाजारपेठ वर, आणि मधे तोच डोंगर. या खेपेला तो यादीत आहे. कसा आहे, ते बघायचं.

सूर्य बुडाला तसे उठलो. परतीचा विचार केला तर अंधारात तोरंगण नको वाटला, म्हणून मुक्काम केला आणि सोमवारी सकाळी एक रजा टाकली. मॅनेजरला "नेटवर्क नव्हतं" असं सांगितलं, जे मोखाड्यापुरतं खरं होतं.

ट्रिपमीटरवर गोवर्धन ते डहाणू १४० च्या आसपास भरले. तुम्ही जाणार असाल तर शनिवारी लेणी करून ठेवा, रविवारी पहाटे निघा, आणि एका दिवसात परत यायचा हट्ट धरू नका. खोलीवर झोपायच्या आधी बाबा नकाशा घेऊन बसले होते. मला वाटलं परतीचा रस्ता बघतायत.

"नारगोळ इथून किती लांब आहे रे?" त्यांनी विचारलं. "बत्तीस हजारांतली एखादी वाडी असेल की अजून."